तिसरा पट्टा

"बाबा, पट्टा कुठाय?"

"कसला पट्टा, बाई?"

मुलीनं कपाळावर हात मारून घेतला. बाई! तीन वर्षं नोकरी सांभाळून ती याचं सगळं अंथरुणातलं काढतेय, आणि हा तिला पगारी बाई समजतो. वर तिलाच विचारतो, "आमची मुलगी कधी यायची हो?"

म्हाताऱ्याचा मणका सरकलेला. कमरेला पट्टा नसेल तर कायमचं अंथरूण धरतील, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. पहिला पट्टा महिन्यापूर्वी गायब झाला. दुसरा पंधरा दिवसांत. तिसरा गेल्या आठवड्यात आणला, तोही दोन दिवसांत गडप. दुकानदार म्हणाला, "ताई, खातात की काय?" गादीखाली, मोरीत, कचऱ्याच्या डब्यात, तिनं सगळं घर पालथं घातलं. पट्टा नाही तो नाहीच.

धाकटा भाऊ फोनवरून सल्ले द्यायला मोकळा. "ताई, चिडू नकोस गं त्यांच्यावर." चिडू नकोस म्हणे! ये की, आणि उचल एकदा. शेवटी तिनंच वृद्धांच्या केंद्रात नाव घातलं. आज चार वाजता गाडी येणार होती. मन खात होतं, नाही असं नाही. पण आता तिच्याच्यानं होत नव्हतं.

"चला, उठा. कपडे बदलायचेत."

ती वाकली. त्यानं नेहमीसारखे दोन्ही हात तिच्या कमरेभोवती घातले आणि नेहमीसारखीच त्याची बोटं सरकायला लागली, या कुशीपासून त्या कुशीपर्यंत.

"चाळे नकोत! घट्ट धरा, पडाल."

"आई गं" म्हणत तिनं त्याला खुर्चीत टेकवलं. त्याच्या पाठीला मलम चोळलं, बोटांना उरलेलं स्वतःच्या कमरेला पुसलं आणि बॅग भरायला घेतली.

राहता राहिला तो डबा. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. सुईदोरा काढून घेतला की लहान पोरासारखा रडायचा. कात्री आणि ब्लेड तेवढं तिनं लपवलं होतं. बिस्किटांच्या त्या मोठ्या डब्यात हात घालून तो दिवसभर चिंध्यांना टाके घालत बसे, आणि ती आली की फटकन झाकण लावे.

"द्या तो इकडे."

"हात नाही लावायचा!"

"बाबा, सोडा म्हणते ना!"

ओढाताणीत झाकण उडालं आणि डबा पालथा झाला. रिळं घरंगळली, आणि त्यांच्यामागून पट्टा पडला. एकच, पण भलताच जाड नि लांब. दोन पट्टे टोकाला टोक लावून जोडलेले, मागे मणक्याच्या जागी तिसऱ्याचं अस्तर. टाका असा बारीक की मशीनचाच वाटावा.

"तिन्ही! अहो, तिन्हीची वाट लावलीत!" ती किंचाळलीच. "वीट आणलाय तुम्ही मला!"

"हळू बोला हो." म्हाताऱ्यानं दाराकडे पाहिलं. "आमच्या मुलीसाठी केलाय. कंबर गेलीय तिची, पण बोलत नाही कुणाला. आली की बांधा तिला."

खाली गाडीचा हॉर्न वाजला.

"आणि तिचं माप कुठून आणलंत?" तिनं फणकाऱ्यानं विचारलं.

"तुमचंच घेतलं, रोज उठताना, थोडं थोडं. रागावू नका बाई, अगदी तुमच्याच अंगाची आहे ती."