बाहीच्या आतला रंग

कापूस वेचणाऱ्या बाईचं काम करायला आलेली सिनेमाची हिरोइन उन्हात बसायला तयार नव्हती. म्हणून तिला लोशननं सावळी करायचं काम घाटंजीच्या माझ्या पार्लरात आलं. रंग खरा वाटावा म्हणून वेचणीहून आलेल्या नलूला मी समोर बसवलं आणि तिच्याकडे बघत हिरोइनचे हात खांद्यापर्यंत चोळले.

"एवढ्या वर कायले लावून राह्यल्या, ताई? आमी नवऱ्याचा शर्ट घालून वेचतो." नलूनं बाही सरकवली. आत लोशन लावण्याआधीच्या हिरोइनसारखाच गोरा दंड होता.

हिरोइननं स्वतःच्या रंगवलेल्या दंडाकडे पाहिलं. मग मला विचारलं, "हा रंग जाईल ना?"

"आठ दिवसांत."

नलूनं बाही खाली ओढली.

"माही माय बी म्हणे, वेचणी सरली का उतरते. वीस वर्सं झाले."