पोपटवाल्या पेटीचं मरण

“पंधरा?” बदरुद्दीनचाचांनी हातोडी खाली ठेवली. “माही पेटी पंधरा वर्सात मरते?”

तौसीफनं लॅपटॉप जवळ ओढला. तो जऊळक्याचा पोरगा, पुण्याच्या कंपनीत कामाला. वस्तू जन्मल्यापासून मरेपर्यंत हवेला, पाण्याला, मातीला किती त्रास देते, ते सॉफ्टवेअरमध्ये मांडायचं, हे त्याचं काम. स्वभावानं गरीब, आणि अर्शियाशी कॉम्प्युटर क्लासपासून मन जुळलेलं. अर्शियाच्या अम्मीनं, नजमुन्निसानं, कधीच हो म्हटलं होतं. अडून बसले होते ते अब्बा, म्हणजे हेच बदरुद्दीनचाचा. “पोट्टा नेमकं करते काय, तेच मले समजून नाही राह्यलं,” म्हणून त्यांनी त्याला कारंज्याच्या आपल्या लोखंडी पेट्यांच्या दुकानात बोलावलं आणि फर्मावलं, माझ्या पेटीचं आयुष्य मांडून दाखव, मग लग्नाचं बोलू.

आता ही पेटी म्हणजे साधीसुधी नव्हे महाराजा! झाकणावर दोन पोपट, समोरासमोर. पोरगी कोणाचीही असो, सासरी जाताना टेम्पोत आधी पोपटवाली पेटी चढणार, मग नवरी.

तौसीफनं सुरुवात तर झोकात केली होती. पत्रा कुठून आला, भट्टीत कोळसा किती जळला, रंग किती लागला, ट्रक किती चालला. एकेक लाल चौकोन हिरवा होत गेला. चाचाही मान डोलावत होते. शेवटचा चौकोन तेवढा राहिला. वस्तू किती वर्षांनी मरते, आणि मग तिचं काय? भंगार, जाळणे की पुरणे?

“पुरणे? पुण्यात पेटीचं दफन करतेत का?” चाचा म्हणाले.

तिथंच गप्प बसावं की नाही! पण तौसीफ बोलून गेला, की कंपनीच्या यादीत लोखंडी पेटीला पंधरा वर्षं धरतात. झालं. चाचांचे कान लाल.

“यादी गेली खड्ड्यात. चाल माह्यासंगं. एक तरी मेलेली पेटी दाखव. नाही दाखवली, तं तुही विद्या खोटी.”

पडद्याआड वाजणाऱ्या अर्शियाच्या बांगड्या थांबल्या. दाखवली तर पेटीची बेइज्जती, नाही दाखवली तर विद्येची. अर्शिया दोन्हीकडून हातची जाणार, हे तौसीफला लख्ख दिसलं.

चाचांची लुना निघाली. मागे तौसीफ, मांडीवर लॅपटॉप.

धनजला रुपाबाईच्या अंगणात पेटी होती. आत कोंबड्या. “माह्या लग्नातली आहे, तीस वर्स झाले,” रुपाबाई म्हणाली. “आधी लुगडे ठेवले, मंग दाणे, आता ह्या. हे पेटीवाले भाऊ मधीमधी घेऊन जातेत, फुकटात रंग देऊन आणतेत. पोपट पाहा ना कसे, कालचेच वाटतेत!”

तौसीफनं तिथंच उकिडवं बसून कोंबड्या सॉफ्टवेअरमध्ये भरल्या. सॉफ्टवेअरनं थोडा विचार केला आणि सांगितलं, की ही पेटी वर्षाला दोनशे अंडी देते आणि तिच्यामुळे पृथ्वीचं भलंच होतं.

“हे तं मले आधीच मालूम होतं,” चाचा म्हणाले.

पुढच्या गावात अश्वजित गुरुजींच्या शाळेत पेटीवर उभी राहून पोरं भाषणं ठोकत होती. भाषणासाठी सॉफ्टवेअरमध्ये चौकोनच नव्हता.

शेवटी दोघं कारंज्यात फुलचंद भंगारवाल्याकडे आले. ढिगाऱ्याशेजारी पोपट दिसताच तौसीफ लुनावरून उडी मारून धावला. सापडली एकदाची मयत! तेवढ्यात फुलचंद येऊन तिच्यावर ठाण मांडून बसला.

“हे भंगार नाही, बैठक आहे माही. पोपटवाली पेटी भंगारात येतच नाही राजा. काय चाचा?”

चाचा आभाळाकडे पाहत होते. आभाळात काही नव्हतं.

दुकानात परतल्यावर तौसीफनं लॅपटॉप उघडला. लाल चौकोन डोळे वटारून बसलेलाच होता. पंधरा लिहिलं की सुटलं, कंपनीत कोणी विचारणार नव्हतं. त्यानं एक लिहिला, पाच लिहिला. मग दोन्ही पुसले.

“हरलो, चाचा. तुमच्या पेटीले मरणच नाही. जे पाहिलं नाही, ते मी कसं लिहू? तुमी म्हणान ते कबूल.” त्यानं लॅपटॉप मिटला. गेली अर्शिया, असंच त्याला वाटलं.

चाचा उठले आणि त्यांनी त्याला छातीशी धरलं. “नजमुन्निसा, साखर आण! जो पोट्टा पेटीबद्दल खोटं लिहत नाही, तो माह्या पोरीले काय फसवते!”

बांगड्या अशा वाजल्या की बस्स.

तौसीफच्या तोंडात साखर पडली. चाचांनी मग त्याला मागच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि ताडपत्री उचलली. आढ्यापर्यंत पेट्या रचलेल्या. बुड गेलेल्या, झाकण लटकलेल्या, गंजून चाळणी झालेल्या. सगळ्यांवर फिके पोपट.

तौसीफला साखर गिळवेना. “पण रुपाबाईची... तीस वर्स...”

“तिची तिसरी चालू आहे. तिले मालूम नाही. रंगाच्या नावानं जुनी उचलतो, नवी ठेवून येतो. भंगारात आली तं फुलचंद फोन करते.” चाचांनी खिडकीही लावून घेतली. “आता तू घरचा माणूस. लिव, अकरा वर्स.”