डब्यातलं हसू

रबिगाआपांनी प्याला तोंडाला लावला आणि ओठ भाजून घेतले.

"अगं, हा तर खरा आहे!"

"खरा म्हणजे? चहाच आहे, आपा," माकपाल म्हणाली. शिमकेंत शहरातल्या चौथ्या मजल्यावरचं हे स्वयंपाकघर तिचंच. फोनवर बघायची छोटी मालिका लिहायची तिने, करून घ्यायची तिने आणि सुनेचं काम करायचं तेही तिनेच.

"चौदा वर्षं टीव्हीवर चहा प्यायले, पण प्याल्यात कधी थेंब नव्हता. रिकामा प्याला भरल्यासारखा कसा धरायचा, ते तीन सुनांना शिकवलंय मी." आपांनी ओठांवरून बोट फिरवलं. "भरलेला कसा धरायचा ते विसरले वाटतं."

फ्रिजजवळ स्टुलावर माकपालची नणंद तोर्गिन उभी होती. हातात फोन. तोच कॅमेरा. छोटा माइक टोपलीत, बावरसाकच्या तळलेल्या गोळ्यांखाली लपवलेला.

"एकच सांगते आपा, वाक्य झालं की तुम्ही थांबता. थांबू नका."

"ती हशाची जागा असते गं. मनात तीन मोजायचे. मागाहून आधीच रेकॉर्ड केलेलं, डब्यातलं हसू आणून चिकटवतात."

"आमच्याकडे डबा नाही."

"मग हशा येतो कुठून?"

"येत नाही. ज्याला हसायचं तो आपापल्या घरी हसतो."

"आणि नाही हसला तर?"

"अंगठ्याने आपल्याला वर सरकवून देतो," स्टुलावरून तोर्गिन म्हणाली.

आपांनी डोक्यावरचा रुमाल नीट केला. मंडईत अजून लोक त्यांना टीव्हीची सासू म्हणून हाक मारत. वसंतात तो कार्यक्रम बंद झाला होता. आज इथे येताना त्यांनी घरी कुणाला काही सांगितलं नव्हतं. जमलं तर सांगू. नाही जमलं तर दातांच्या डॉक्टरकडे गेले होते म्हणू.

"श्वाससुद्धा हळू घे गं," माकपालने नणंदेला बजावलं. "चल, सुरू."

प्रसंग साधा होता. सासू गावाहून मुलाकडे आलीय. सून दूर राहणाऱ्या दिराला व्हिडिओ कॉल लावते आणि फोन सासूपुढे ठेवते. सासू त्याची विचारपूस करते आणि म्हणते, चहा घे. कागदावर एवढंच होतं.

आपांनी विचारपूस केली. "चहा घे" म्हणाल्या. मग टेबलावर टेकवलेल्या दुसऱ्या फोनपुढे त्यांनी खरोखरच प्याला सरकवला. दीर काही घेईना. त्यांनी त्याच्यासाठी फुंकर मारली.

"लाजतोस काय रे? माझ्या घरी आठ-आठ प्याले रिचवायचास. काचेमागे जाऊन बसलास तर मोठा झालास?"

त्यांनी एक बावरसाक चहात बुडवून काचेला लावला. तांबूस ओघळ खाली आला. तशी त्यांनी रुमालाचं टोक धरलं आणि अगदी मायेने दिराचं तोंड पुसलं.

मग सवयीने थांबल्या. एक. दोन. तीन.

कुणी हसलं नाही. माकपाल परातीतल्या कणकेकडे बघत होती. तोर्गिनने तोंड भिंतीकडे फिरवलेलं. खाली कुणाचं तरी दार आपटलं. स्टुडिओतही कुणी हसत नसे. कॅमेऱ्यामागची माणसं सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेली असत. पण तिथे डबा होता.

माकपालने नणंदेच्या हातून फोन घेतला, थोडं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"वाया गेलं. परत घ्यावं लागेल."

आपांनी रुमालाचं ओलं टोक आत दुमडलं. प्याला पुढे केला.

"चहा भर, पोरी. काठोकाठ."

माकपालचा हात किटलीवर तसाच राहिला. पाहुणा बसायला हवा असेल तर प्याला अर्धाही भरायचा नाही, म्हणजे तो पुन्हा पुन्हा मागतो, पुन्हा पुन्हा गप्पा होतात. काठोकाठ भरला की पाहुण्याने आपले जोडे शोधायचे. पण आपल्याच तोंडाने तसा प्याला मागणारा पाहुणा तिने आजवर पाहिला नव्हता.

"आपा, तुमचं काही चुकलं नाही."

"समजूत नको काढूस. चौदा वर्षं मी नव्या पोरींची काढत आलेय. आवाज अस्साच लागतो."

"मग हे बघा." माकपालने फोन त्यांच्यापुढे धरला. प्याला हलत होता, रुमाल हलत होता, आपांचं नाकसुद्धा जागेवर नव्हतं. भूकंपात काढल्यासारखं सगळं. "तोर्गिन, हात सरळ ठेवायला काय होतं गं तुला?"

तोर्गिन स्टुलावरून उतरली. डोळे ओले, मनगटावर तिच्याच दातांचे वण.

"वहिनी, त्या तोंड पुसायला लागल्या त्याचं! मी काय करणार होते? हे बघ, चावून चावून काय झालंय. आवाज नाही काढला मी. शप्पथ."

"काढलास," आपा म्हणाल्या. त्या अजून फोनकडेच बघत होत्या. "हे काय वाजतंय? किटली?"

तोर्गिनने ओढणीत तोंड लपवलं. "मीच ती."

"कुठेशी? परत लाव."

माकपालने लावलं. आपांनी फोन कानाशी नेला. एक, दोन, तीनच्या त्या जागेत बारीक, चिरका, कसाबसा दाबलेला आवाज होता.

"परत लाव."

माकपालने पुन्हा लावलं आणि किटली उचलली. आधी दूध, मग चहा. जेमतेम दोन घोट, प्याल्याच्या तळाशी. दोन्ही हातांनी तो आपांपुढे ठेवला.

आपांनी प्याल्यात वाकून पाहिलं. फोन कानावरून हलवला नाही. मोकळ्या हाताने प्याला उचलला आणि या खेपेला आधी फुंकर मारली.