ईशान्येला निघालेला देश

भूगर्भशास्त्र विभागाला विद्यार्थी मिळेनात, म्हणून संस्थेने तो बंद करायचे ठरवले होते. खडकांचे नमुने पोत्यांत भरूनही झाले होते. तरी विभागप्रमुख पेंढरकर मॅडमनी संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब मोहोळकर यांना शेवटच्या व्याख्यानाला बोलावले. ऐकून त्यांचे मन बदलेल, एवढीच आशा होती.

"आपण बसलोय ती जमीन एकेकाळी आफ्रिकेला चिकटलेली होती," मॅडम जीव तोडून सांगत होत्या. "ती तुटली, सरकत सरकत आशियाला धडकली आणि हिमालय उभा राहिला. आजही भारत दरवर्षी जेमतेम बोटभर ईशान्येला सरकतो."

पेंगणारे तात्यासाहेब खडबडून जागे झाले. "कुठे म्हणालात? ईशान्येला?"

"हो."

"अहो, ती तर देवाची दिशा!" ते तडक व्यासपीठावर चढले. "सगळं जग भरकटतंय, आपला देश तेवढा वास्तुशास्त्राप्रमाणे चाललाय! हा विभाग बंद करणं पाप आहे. यंदापासून इथे भू-वास्तुशास्त्र शिकवा."

ऑस्ट्रेलियाही तिकडेच सरकतोय, हे सांगायला मॅडम उठल्या. तेवढ्यात दाराशी ठेवलेल्या पोत्यांकडे त्यांची नजर गेली. त्या खाली बसल्या आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवू लागल्या.

जूनमध्ये वर्ग तुडुंब भरला. पहिल्याच तासाला एका मुलीने हात वर केला. "मॅडम, देश आणखी ईशान्येला न्यायला काही उपाय?"

"आहे ना," मॅडम म्हणाल्या. "कोटभर वर्षं थांबायचं."