आबांची फरसबंदी

“आपलं घर की बोट क्लब, कळेना,” बैठकीतलं पाणी सुपलीनं बादलीत भरत मंजूषा पुटपुटली. मिसरोदच्या या घराचं अंगण सासऱ्यांनी, आबांनी, निवृत्त झाल्यावर गवंड्याच्या डोक्यावर बसून फरसबंद करून घेतलं होतं. तेव्हापासून हा चौथा पावसाळा. दरवेळी पाणी घरात शिरे. का, ते सगळ्यांना दिसत होतं. पण कारखान्यात तीस वर्षं मापं तपासलेल्या माणसाला सांगणार कोण? “रस्ताच उंच झालाय,” तिचा नवरा निनाद दरवर्षीसारखं म्हणाला. “नाली तुंबली असेल,” तीही खाटेवर बसलेल्या आबांकडे बघत, वैताग गिळून म्हणाली. तेवढ्यात फाटकापाशी काढलेली आबांची चप्पल तरंगत, अंगण ओलांडून थेट उंबऱ्याशी आली. तिघेही चपलेकडे बघत राहिले. आबांनी पायजमा वर दुमडला, सुनेच्या हातातली सुपली घेतली. “अंगणाचा ढाळ मीच घराकडे दिलाय गं,” ते म्हणाले. “पहिल्याच वर्षी कळलं होतं मला.”