अर्ध्या चुकीची कबुली

"वेगात होता ना तुम्ही?" विमा कंपनीच्या वकिलाने विचारलं.

"होते जरा," सासूबाई ताठ मानेने म्हणाल्या.

त्यांच्या वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. इशारा न देता वळलेल्या टेम्पोची चूक उघड होती. पण स्कूटर चालवणारीच वेगात असेल, तर तिच्या चुकीचा वाटा तिच्या भरपाईतून वजा होणार. अर्धी चूक, अर्धी भरपाई. आणि अर्ध्या पैशात गुडघ्याचं ऑपरेशन होत नाही. गुडघा वाकत नव्हता म्हणून पायाचं शिलाई मशीन बंद होतं, आणि घर त्या मशीनवरच चालायचं.

टेम्पोवाल्याने साक्षीत सांगितलं, "हेल्मेटमुळे तोंडं दिसली नाहीत. पण या बाई रस्त्यावर पडल्या, तरी पडद्यांचा गठ्ठा छातीशी घट्ट."

कोर्टात हशा पिकला.

"गिऱ्हाइकाचा माल होता," सासूबाईंनी सुनावलं. शिवून झालेला गठ्ठा त्या कोणाच्याही हाती देत नसत. सुनेच्या तर नाहीच.

मधल्या सुट्टीत वकीलबाई बाहेरच्या बाकावर चिडून बसल्या. "कबूल कशाला केलंत?"

"गाडी वेगात होती. खोटं कशाला बोलू?"

"तुम्हाला चालायचंय ना पुन्हा?"

"लंगडत का होईना, चालेन की." सासूबाई मजेत डबा उघडत होत्या. सून मात्र डब्याला हात लावत नव्हती.

"आता सगळी भिस्त तुमच्यावर," वकीलबाई तिला म्हणाल्या. "वेग बेताचा होता, एवढंच सांगा. मागे बसणाऱ्याच्या माथी कोणी चूक मारत नाही, तेव्हा घाबरू नका."

"ती घाबरलीय ती लायसन्सच्या परीक्षेला," सासूबाई मध्येच म्हणाल्या. "अजून शिकतेय. पास झाली की माल पोचवायचं काम तिच्याकडेच."

सून पिंजऱ्यात उभी राहिली. नाव, नातं, अपघाताची जागा तिने न अडखळता सांगितली.

"टेम्पो दिसल्यावर सासूबाईंनी ब्रेक कधी दाबला?" कंपनीच्या वकिलाने विचारलं.

सासूबाईंनी डोळे वटारले. त्या नजरेपुढे आजवर घरात कोणाचं चाललं नव्हतं. सुनेने एकदा तिकडे पाहिलं आणि न्यायाधीशांकडे वळली.

"त्या कसा दाबतील? आई मागे बसल्या होत्या. स्कूटर मी चालवत होते."