आणखी एक सापसुरळी

"सर, या दोघी एका जातीच्या नाहीत," ऋता म्हणाली.

टेबलावर दोन मेलेल्या, बिनपायांच्या सापसुरळ्या होत्या. लोक साप समजून ठेचतात त्या. एक तळकोकणातली, दुसरी नवी मुंबईतल्या उलव्याच्या डोंगरावरची. दिनानाथ सरांनी भिंग उचललं. दोन्हीकडची जात एकच, हे पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनीच ठरवलं होतं. कॉलेजात अजून तेच शिकवत.

"खवले तर सारखेच आहेत."

"खवले सारखे. पण उलव्याच्या सापसुरळीला कानाचं भोक नाही. आणि डीएनए तर फारच वेगळा आलाय."

सरांनी दोन्हींची डोकी भिंगाखाली धरून पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे माझं चुकलं. तू लिही."

ते चिडतील असं ऋताला वाटलं होतं. तिला रडूच आलं.

पेपर पाठवल्यावर नियतकालिकानं मात्र अट घातली. एकाच प्राण्यावरून नवी जात मानता येणार नाही, तिथलीच आणखी एक हवी. जूनमध्ये ऋताची फेलोशिप संपत होती. पावसाळा सरला की नव्या वसाहतीच्या भरावासाठी त्या डोंगराला सुरुंग लागणार होते.

"टेन्शन घेऊ नकोस. मीही शोधतो," सर म्हणाले.

ऋता पहिल्या बसनं पोचायची, तोवर सर वर असायचे. गुडघे धरून दगडावर बसलेले, खांद्याला कापडी पिशवी. आसपासचे दगड उलथलेले, पाचोळा चाळलेला.

"आजही काही नाही गं."

ती डब्यातली पोळी त्यांना द्यायची आणि उरलेला डोंगर एकटी धुंडाळायची.

गवत कापायला येणारी वेणूबाई एकदा तिला म्हणाली, "तुजं सर उजारायचे आदीच वर जातान गो. या वयान कोन करतं एवरं?"

त्या दिवशी ऋतानं सरांना घरी परत जायला विनवलं. त्यांनी ऐकलं नाही.

जून आला. शेवटच्या दिवशीही दोघं हात हलवत उतरली. संध्याकाळी ऋता नेरूळला त्यांच्या घरी गेली. तिनं नागपूरच्या एका शाळेत नोकरी धरली होती. ती वाकली.

"तुमच्याइतकं कोणी केलं नसतं, सर."

"पुढे कोणीतरी सिद्ध करेल."

"डोंगरच राहणार नाही ना पण."

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

ती गेल्यावर सरांच्या पत्नी वैजयंतीबाईंनी दार लावलं. "पोरीचं वाईट वाटतं हो. आता तरी गुडघ्यांना आराम द्या."

"उद्यापासून नाही जाणार," सर म्हणाले.

त्यांनी खुंटीवरची कापडी पिशवी काढली, न्हाणीघरात जाऊन कडी लावली, आणि पहाटे ऋता यायच्या आधी धरलेल्या तिन्ही सापसुरळ्या एकेक करून फिनेलच्या बादलीत सोडल्या.